हुलकावणी

आमच्या भागात हुलकावणी हा शब्द आधी पावसाचा, मग खेळाचा. जूनमध्ये ढग दंडोबाच्या डोंगरापर्यंत येतात, काळेभोर, भरलेले. माणसं पत्र्यावरची वैरण झाकायला धावतात, बायका वाळवण आत घेतात. मातीचा वाससुद्धा येतो. आणि मग वारा सुटतो, ढग तसेच कर्नाटकाकडं निघून जातात. दर जुलैला पेपरात एकच ओळ छापून येते, पावसाची हुलकावणी. कवठे महांकाळ पर्जन्यछायेत आहे, सह्याद्री सगळं आधीच काढून घेतो, हे शाळेत भूगोलात शिकलो. पण त्या वयात मला ते पटत नसे. मला पाऊस हा खो-खोतला पट्टीचा पळणारा वाटायचा. हाताला येतो येतो म्हणेपर्यंत खांद्यातून वळून जाणारा.

खो-खो मी जीव लावून खेळलो. बाकी कशातच मी पुढं नव्हतो. घरात थोरला भाऊ हुशार, त्याची वह्यापुस्तकं मला उतरती मिळायची आणि गुण मात्र उतरायचे नाहीत. मैदानात मात्र मी पळतीला उतरलो की आमच्या मास्तरांची शिट्टी तोंडातच राहायची. आठ जण पाटीवर एकाआड एक उलट्या तोंडानं बसलेले, नववा पाठलागावर. त्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा मोडता येत नाही, वळायचं तर खुंटापाशीच. पळणाऱ्याला मात्र सगळं रान मोकळं. बसलेल्या दोघांमधल्या फटीतून इकडं, पुन्हा तिकडं. सगळा खेळ शेवटच्या अर्ध्या क्षणाचा. लवकर वळलात तर त्याला खो द्यायला वेळ मिळतो, उशिरा वळलात तर बोट लागतं. मी उशिरा वळायचो, कधीकधी फारच उशिरा. त्याच्या बोटांचा वारा बरगडीला लागायचा आणि अंगावर जो काटा यायचा, त्यासारखं सुख नंतर मला लग्नात, बागेच्या पहिल्या मालात, कशातच तंतोतंत सापडलं नाही.

मिरजेहून कुर्डुवाडीकडं जाणारी बार्शी लाइट रेल्वे तेव्हा अजून छोट्या रुळांवर चालायची. मिरजेपर्यंत ती १९२७ साली आली होती आणि मला वाटतं त्या सालापासून तिनं वेग वाढवला नव्हता. आम्ही पोरं चालत्या गाडीतून उडी मारायचो, दोन पावलं पळायचो, पुन्हा पुढच्या डब्यात चढायचो. घरी कळलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पायताण काढलं. त्यांनाही मी हुलकावणी दिली, पण जेवायला घरीच यावं लागलं.

मग गुडघा गेला. खो-खोत गेला असता तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. बेदाण्याच्या शेडवर, रॅकच्या तिसऱ्या जाळीवरून माल झाडताना पाय सटकला. तेव्हा मी तिशीत होतो. डॉक्टर म्हणाले, चालाल, पळू नका. पळायला तसं कुठं जायचं होतं? द्राक्षबागेत माणूस वर्षभर एकाच जागी फिरत असतो. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, मधे डाऊनी रोगाची भीती, फेब्रुवारीपासून शेड. सोडा आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, जाळीवर पसरायचे, आणि आमची कोरडी हवा बाकीचं काम करते. जो पाऊस आम्हाला मिळत नाही, त्याच्या नसण्यावरच आमचा बेदाणा चांगला वाळतो. सांगलीच्या बेदाण्याला पुढं भौगोलिक मानांकन मिळालं. हुलकावणीचंच पीक म्हणायचं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. बाजारात द्राक्ष न्यायची सोय नव्हती, ज्यानं त्यानं माल शेडवर टाकला. त्याच आठवड्यात पुण्याहून थोरल्या भावाचा मुलगा आला. एकटाच. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात धान्याच्या डब्याएवढा संगणक. भाऊ आणि वहिनी तिकडंच राहिले. भावाचं न् माझं तेव्हा बोलणं बेताचंच होतं. विहिरीच्या पाळीवरून सुरू झालेलं, मग वाटणीच्या कागदावर येऊन थांबलेलं. भांडण नव्हे. दिवाळीला फोन व्हायचा, अण्णांच्या औषधाचं बोलणं व्हायचं, आणि मग दोघंही आवाज कापतोय असं म्हणून ठेवून द्यायचो.

गावातली सगळी पोरं त्या वर्षी पबजी खेळत होती. पारावर, दुधाच्या डेअरीच्या पायरीवर, जिथं रेंज तिथं. माझा पुतण्या त्यातला नव्हता. तो रात्री माजघरात कोपऱ्यात बसून ओव्हरवॉच खेळायचा. मी पाणी प्यायला उठलो की त्याच्या मागं उभा राहायचो. एका रात्री पडद्यावर एक जण सरळ भिंतीवर चढला. हातापायांनी, पालीसारखा. वर पोचला, हवेत एक उडी मारली, आणि खाली काही नसताना त्या हवेवरच पाय देऊन दुसरी मारली. समोरचा मान वर करेपर्यंत हा त्याच्या पाठीमागं.

"हा कोण रे?"

"गेंजी आहे काका. निन्जा. खेळता?"

मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. म्हणालो, "आण बघू."

ओव्हरवॉच हा तेव्हा सहाविरुद्ध सहांचा खेळ होता. ब्लिझार्ड कंपनीनं तो २०१६ च्या मे महिन्यात आणला. प्रत्येक गड्याचं काम ठरलेलं. कुणी धिप्पाड, पुढं उभं राहून मार खाणारे, कुणी मागून जखमा भरणारे, आणि उरलेले मारणारे. गेंजी मारणाऱ्यांतला. अंगात जीव तेव्हा दोनशे, म्हणजे खेळाच्या हिशेबानं काटकुळाच. हातात चांदणीसारखी पोलादी पाती, एका वेळी तीन सुटतात. समोरून आलेली गोळी तलवारीनं परत ज्याची त्याला देता येते, पण जेमतेम दोन सेकंद. तलवारीसकट पुढं झेपावता येतं, मग आठ सेकंद थांबायचं, पण समोरचा पडला तर लगेच पुन्हा झेपावता येतं. हे वाचायला कोरडं वाटेल. ज्यानं पळतीत एकाला चुकवून त्याच वळणावर दुसऱ्याला चुकवलंय, त्याला त्यातली गंमत कळेल. पहिल्या रात्री मी एकाही माणसाला मारलं नाही. पण लंडनच्या एका वीटकामाच्या भिंतीवर चढलो, कौलांवरून धावलो, आणि गुडघा दुखला नाही.

पुतण्या जून संपता संपता पुण्याला परतला. जाताना म्हणाला, "काका, मिरजेत जुने मिळतात संगणक." मी बायकोला सांगितलं, बागेच्या हिशेबाला लागतो. ती काही बोलली नाही. हिशेब मी आजही वहीत लिहितो.

मग आम्ही दोघं रात्री एकत्र खेळू लागलो, तो त्याच्या घरातून, मी माझ्या. त्यानं स्वतःसाठी ॲना निवडली होती. ॲना ही साठ वर्षांची म्हातारी, एक डोळा गेलेला, पांढरे केस, खांद्याला लांब बंदूक. तिच्या बंदुकीची गंमत अशी की गोळी शत्रूला लागली तर जखम होते, आपल्या माणसाला लागली तर जखम भरते. लांब मागं उभी राहून ती आपल्याच माणसांवर नेम धरते. एकोणीस वर्षांचं पोरगं म्हातारी झालेलं, आणि सेहेचाळीस वर्षांचा काका तिच्यापुढं माकडासारखा उड्या मारतोय.

घोटाळा नावाचा झाला. जीव संपत आला की मी ओरडायचो, "ॲना! ॲना कुठाय?" आणि मागच्या खाटेवरून आवाज यायचा, "हितंच हाय की. काय झालं?" अण्णांना ऐकू कमी येतं, पण स्वतःचं नाव बरोबर ऐकू येतं. पहिले काही दिवस ते खरोखर उठून बसायचे. नंतर त्यांनी त्याची सवय करून घेतली आणि सकाळी चहा घेताना विचारायला लागले, "काल किती बारी मेलास?" मी म्हणायचो, अकरा. "परवा चौदा बारी मेलता. सुधारणा हाय."

मरायचो त्याचं एक कारण सिंगापूर होतं. आमचा खेळ चालायचा सिंगापूरच्या सर्व्हरवर. मी इथं बटण दाबलं की ते शेतातल्या खांबावरून, मुंबईतून, समुद्राखालून तिथं पोचायचं आणि उत्तर परत यायचं. सेकंदाचा दहावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण हुलकावणीचा सगळा धंदाच दहाव्या भागाचा. माझ्या पडद्यावर मी भिंतीआड पोचलेला असायचो, सिंगापूरच्या लेखी मी अजून रस्त्यातच. मी तलवार आडवी धरली होती, असं मी शपथेवर सांगू शकतो. पण मेलेला तो मीच. हळूहळू मी त्या दहाव्या भागाइतका आधी वळायला शिकलो. शाळेत उशिरा वळणारा मी, म्हातारपणी लवकर वळायला लागलो.

चष्मा लावलेला एक गोरिला आहे त्या खेळात, विन्स्टन नावाचा. शास्त्रज्ञ आहे. त्याच्या हातातून विजेचा लोळ निघतो आणि तो तलवारीनं परतवता येत नाही. कितीही उड्या मारा, तोही उडी मारून येतो. त्याच्याविषयी मी इथं जास्त लिहीत नाही.

दुसरं कारण मी स्वतः. मला थांबता येत नसे. समोर एक जखमी दिसला की मी आपल्या सगळ्यांना मागं टाकून, छपरावरून, गल्लीतून, त्यांच्या घोळक्याच्या पार मागं जायचो. तो पडायचा, मग मी झेपावून दुसऱ्यावर, आणि मग एकदम लक्षात यायचं की इथं आपलं कुणीच नाही. कानात पुतण्याचा आवाज, "काका, कुठायत? मला दिसत नाही."

"अरे, इथंच, कोपऱ्याच्या पलीकडं!"

"कोपऱ्याच्या पलीकडं माझी गोळी वळत नाही काका. तुमची पाठ दिसू द्या. एवढंच करा. कुठंही जावा, पाठ दिसू द्या."

खो-खोत बसलेल्या गड्याला मागून कोण येतंय ते दिसत नाही. पाठीवर हात पडतो, खो ऐकू येतो, की उठायचं. त्या पाठीची मला कधी किंमत नव्हती, कारण मी नेहमी पळतीतला. बसलेल्यांच्या पाठी मला फक्त फटी मोजायच्या कामाच्या होत्या.

निन्जांविषयी मी मग थोडं वाचलं. डोक्यात काळे कपडे होते, ते आधी गेले. काळा वेष हा बहुधा काबुकी नाटकातल्या मंच-सेवकांचा. काळ्या कपड्यातला माणूस म्हणजे रंगमंचावर नसलेला माणूस, असं प्रेक्षक धरून चालायचे, आणि नाटककारांनी त्याच कपड्यात मारेकरी घुसवला. खरे शिनोबी शेतकऱ्याच्या, फिरस्त्याच्या, भिक्षूच्या वेषात हिंडायचे. इगा आणि कोगा या डोंगराळ मुलखात जी घराणी हे काम करायची, त्यांची शेतीही होती. १५८१ मध्ये ओदा नोबुनागानं फौज घालून इगा उद्ध्वस्त केला आणि माणसं पांगली. पुढं १६७६ मध्ये बानसेनशुकाई या ग्रंथात त्यांची विद्या लिहून ठेवली गेली, तेव्हा लढायांचे दिवस सरलेले होते. त्यांचं कुनाई नावाचं हत्यार, सिनेमात फेकतात ते, मुळात खणायचं, उकरायचं अवजार. साखळी लावलेलं कुसारिगामा म्हणजे विळाच. मी अण्णांना संगणकावर कुनाईचं चित्र दाखवलं. त्यांनी डोळे बारीक केले. "खुरपं हाय," म्हणाले, "मूठ ईळभर धरली तर हाताला फोड येतील."

गेंजीची कहाणी मला पुतण्यानं एका रात्री, सामना लागायची वाट बघताना सांगितली. शिमाडा नावाचं बडं घराणं, हानामुरा गाव, दोन भाऊ. थोरला हान्झो जबाबदार, धाकटा गेंजी उनाड. बाप गेल्यावर घराण्यानं थोरल्याला सांगितलं, याला वठणीवर आण. दोघं भांडले, आणि थोरल्यानं धाकट्याला जवळजवळ मारलंच. उरलेल्या तुकड्यांतून डॉक्टरांनी यंत्राचं शरीर बांधलं. आमच्याकडं हे इतकं पुढं जात नाही. आमच्याकडं भाऊ तलवार काढत नाहीत, सात-बारा काढतात. बाकी बांधावर उभं राहिलं की हानामुरा काही फार लांब नाही. पुढं असं होतं म्हणे की हान्झो दर वर्षी धाकट्याच्या मृत्यूच्या दिवशी वाड्यात चोरून येतो, उदबत्ती लावतो. एका वर्षी तिथं एक अनोळखी निन्जा त्याला अडवतो, दोघं लढतात, आणि शेवटी थोरल्याला कळतं की ज्याच्या नावानं उदबत्ती लावली तोच समोर उभा आहे. कंपनीनं २०१६ मध्ये यावर एक छोटी चित्रफीतही केली.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. गेंजी त्याला म्हणतो, मी तुला माफ केलं. आणि निघून जातो. सामना लागला काका."

त्या सामन्यात मी काय केलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की पुतण्याच्या माईकमधून त्याच्या घरातले आवाज यायचे. कुकरची शिट्टी. वहिनी कुणाला तरी फोनवर सांगतेय की चाळीस रुपयांना जुडी म्हणजे लूट आहे. आणि मधेच खाकरा, आमच्या घराण्याचाच, अण्णांसारखाच, घशात एकदा थांबून मग सुटणारा. भाऊ त्याच खोलीत पेपर वाचत बसत असणार. त्याला माझा आवाज ऐकू येत होता का, मी कधी विचारलं नाही.

म्हैसाळला कृष्णेचं पाणी उपसून टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि ते मिरज तालुक्यातून आमच्याकडं, पुढं जतकडं जातं. पाणी वर चढवण्याची ही योजना होण्याआधी इथं टँकर हाच कालवा होता. भिंत चढणारं पाणी पहिल्यांदा बघायला लोक नटूनथटून गेले होते. मी गेंजीला भिंतीवर चढवताना पुष्कळदा मला ते पाणी आठवतं. पंप बंद झाला की तेही जागेवर थांबतं. आणि पंप चालवायला लाईट लागते, लाईट यायची वेळ आपल्या हातात नसते. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात कुणीतरी उठून मोटर चालू करायला, एका प्लॉटचं ठिबक बंद करून दुसऱ्याचा कॉक फिरवायला जायचं असतं. त्या कुणीतरीत पूर्वी अण्णा होते, आता मी आहे. म्हणजे आहे असं ठरलेलं आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरात पहिला ओव्हरवॉच बंद झाला, दुसरा सुरू झाला. सहाचे पाच गडी झाले, पुढं उभा राहणारा एक धिप्पाड कमी केला. हानामुराचा नकाशा रोजच्या खेळातून गेला. आम्ही एक-दोन महिने कुरकुर केली आणि खेळत राहिलो.

त्याच हिवाळ्यातली रात्र. मण्यांत पाणी भरायला लागलं होतं. लाईट बाराला येणार होती. मी पुतण्याला म्हणालो होतो, एक सामना, मग जातो. सामना लांबला. शेवटचं एक मिनिट, आणि माझी मोठी तलवार भरलेली. ती काढली की सहा सेकंद, त्या सहा सेकंदांत जे काय होईल ते होईल. पुतण्यानं मागून ॲनाची ताकद माझ्यावर सोडली, अंग निळं पडलं, आणि मी उडी मारली. पहिला, दुसरा, वळून तिसरा. पाठ दिसत होती, मी बघून घेतलं होतं. चौथ्याला मारताना मला इतकं हलकं वाटलं की मी शाळेच्या मैदानावर होतो, खडूच्या रेघांवर, आणि बोटांचा वारा बरगडीला लागत होता.

जिंकलो. पुतण्या ओरडला. आणि त्याच्या ओरडण्याच्या मागून, माईकपासून लांब, एक आवाज आला.

"विचार त्याला, अण्णा झोपले का?"

पुतण्या म्हणाला, "काका, पप्पा विचारतायत…"

"ऐकलं मी."

मान वळवून खाटेकडं बघितलं. चादर नीट घडी घालून उशाशी ठेवलेली. पायताण नव्हतं. कोनाड्यातली बॅटरी तिथंच होती. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी कानातलं काढलं, बॅटरी घेतली, गुडघ्याला जमेल तितकं पळालो. बाहेर थंडी कडक होती, आभाळ स्वच्छ. मोटरीचा आवाज येत होता, म्हणजे विहिरीपर्यंत पोचले होते. बांधावर उभं राहून मी उजेड फिरवला. वेलींच्या ओळीच ओळी, तारा, खांब, पानांची सावली. काहीच हलत नव्हतं. मग तिसऱ्या ओळीत, मांडवाखाली, अर्धे वाकून, एका हातानं तार धरत, दुसऱ्या हातात खुरपं घेऊन एक माणूस चालला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अंधारात, बॅटरीशिवाय, पायाखालच्या वाळक्या पानाचा आवाज न होऊ देता.

हाक मारली असती तर दचकले असते. मी उजेड त्यांच्या पाठीवर धरला आणि बांधाबांधानं त्यांच्याबरोबर चालत राहिलो. ओळ बदलली की मीही सरकायचो, मधे खांब आला की दोन पावलं पुढं व्हायचो. खिशात फोन वाजत होता. पुण्याचा नंबर होता, पुतण्याचा नव्हता. मी उचलला, कानाला लावला, काही बोललो नाही. तिकडूनही कुणी बोललं नाही. तो खाकरा तेवढा आला.

अण्णांनी कॉक फिरवला, खुरप्यानं एका झाडापाशी साचलेलं जरासं उकरलं आणि मग उजेडाकडं न बघताच म्हणाले,

"बॅटरी पाठीवर कशाला मारतोयस? म्होरं मार की."